घरी बांधलेल्या कयाकचा तळ: तयार प्लॅन की स्वतःचे प्रयोग?

वल्हेकरी

मंडळी, गेल्या पाच वर्षांत पुण्यात आमच्या पार्किंगमध्ये तीन कयाक, म्हणजे बसून वल्हवायच्या लांब अरुंद होड्या, बांधल्या. तिन्ही स्टिच अँड ग्लू, म्हणजे प्लायच्या लांब पट्ट्या कापायच्या, कडेने भोकं पाडून तांब्याच्या तारेने टाके घालत त्या एकमेकींना शिवायच्या, मग आतून सांध्यात इपॉक्सी (कडक होणारा डिंकासारखा राळ) आणि लाकडाचा भुसा श्रीखंडाइतका घट्ट कालवून भरायचा आणि वरून फायबरग्लासची टेप. नवीन लोक विचारतात की प्लॅन कुठला घेऊ. मी सांगतो, कुठलाही चांगला घे, पण त्याच्या तळाचा आकार बदलून बघायची तयारी ठेव. यावरून ओळखीच्या बोटवाल्यांनी मला बरंच सुनावलंय, त्यांचं म्हणणं प्लॅन एक मिलिमीटरही हलवायचा नाही. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा.

पहिलं म्हणजे प्लॅन जसाच्या तसा इथे बांधताच येत नाही. परदेशी प्लॅनमध्ये ४ मिमीचा ओकुमे नावाच्या लाकडाचा प्लाय धरलेला असतो, एकदम हलका. आपल्याकडे आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय मिळतो तो हार्डवूडचा, माझ्या काट्यावर ८ बाय ४ ची ४ मिमी शीट ९ किलोच्या आसपास भरली, तीच ओकुमेची साडेपाचच्या आत असते. तीन शीट लागतात, वाया जाणारे तुकडे सोडले तरी बोट सात-आठ किलोने जड, म्हणजे पाण्यात साधारण अर्धा सेंटीमीटर जास्त बसणार, म्हणजे ज्या रेषेवर डिझायनरने गणित केलं ती रेषा आधीच हलली ना?

दुसरं, माणसं सारखी नसतात. ग्रीनलंडचे इनुइट लोक कयाक बांधायचे ते स्वतःच्या अंगाच्या मापाने, लांबी पसरलेल्या हातांच्या तीनपट आणि रुंदी कमरेपेक्षा दोन मुठी जास्त, असं माप सांगतात. मी पाच फूट चार इंच, वजन ५८ किलो. सहा फुटी, नव्वद किलोच्या माणसासाठी काढलेली बोट माझ्या अंगाखाली बुचासारखी तरंगते आणि वाऱ्याने भरकटते.

माझी पहिली बोट प्लॅनची, पाण्यालगत ६४ सेंमी रुंद, तळ जवळजवळ सपाट. खडकवासल्याला मस्त स्थिर, पण दुपारी वारा सुटला की पुढचा भाग लाटेवर थाडथाड आपटायचा आणि वल्ही मारून खांदे भरून यायचे. दुसरीत रुंदी ५६ केली, टोकांकडे तळ वर उचलला जातो तो बाक कमी करून तळ सरळ केला, सीटखाली फोमही जाड टाकला. बसलो, दोन वल्ही मारली आणि पाण्यात. छातीएवढंच पाणी, अंगात लाईफ जॅकेट, त्यामुळे काही झालं नाही, पण त्या दिवशी जे कळलं ते प्लॅन वाचून मला कधीच कळलं नसतं. तिसरीत रुंदी ६०, तळाला थोडा व्ही आणि बाजू वर जाताना बाहेर कललेल्या. सुरुवातीला डुगडुगते, मग कलली की कललेली बाजू पाण्यात जास्त रुंद होते आणि तिथेच धरून ठेवते. ही बोट माझी आहे.

रंधा

वल्हेकरी, तुमची मेहनत दिसतेय, पण सल्ला चुकीचा आहे आणि मी हे कळकळीने सांगतोय, कारण हा धागा वाचून कोणीतरी उद्या जिगसॉ हातात घेणार.

तुमच्या पद्धतीचंच उदाहरण घ्या. स्टिच अँड ग्लू जगभर गेली ती १९६३ च्या मिरर डिंगी या छोट्या शिडाच्या बोटीमुळे, बॅरी बकनेल आणि जॅक होल्ट यांचं डिझाईन, सत्तर हजारांवर बोटी झाल्या. कशामुळे? तर घरगुती माणसाने काही न बदलता बांधली तरी ती चालायची. तळाच्या आकारामागचं डोकं डिझायनरने आधीच चालवलेलं होतं. पडून शिकलात ते तुम्ही प्लॅनसोबत विकत घेतलेलंच होतं, फक्त वापरलं नाहीत.

दुसरं, प्लाय कागदासारखा असतो, एकाच दिशेने वाकतो. नाळेशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, दोन्ही दिशांनी पिळायला गेलात की ऐकत नाही. मी स्वतः एका बोटीत व्ही जास्त खोल घेतला, टॉवेलवर उकळतं पाणी ओतून प्लाय मऊ केला, तारा एकेक करून पिळत आणल्या, शेवटच्या चार टाक्यांवर कट्ट आवाज आला आणि वरचा थर उभा फाटला. दोन महिन्यांचं काम आणि महागडा प्लाय गेला. आणि इपॉक्सी एकदा भरल्यावर मागे फिरता येत नाही, हे काय लाकडी स्टूल आहे का स्क्रू काढून परत जोडायला?

तुमच्या ७-८ किलोवर मात्र उत्तर आहे. तुम्ही स्वतः ५८ किलोचे, प्लॅन नव्वदीच्या माणसाचा. म्हणजे जड प्लायने तुमची बोट डिझायनरच्या रेषेच्या जवळ आली, लांब नाही गेली.

ओळंबा

थोडं गणित टाकतो, नेव्हल आर्किटेक्चर शिकलोय. बोट कलू लागली की पाण्याकडून पहिला जो टेकू मिळतो तो पाण्यालगतच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असतो. ६४ वरून ५६ म्हणजे ०.८७५ पट, त्याचा घन ०.६७. आठ सेंटीमीटरमध्ये आकारातून मिळणारी स्थिरता एक तृतीयांश गेली. वर फोमने गुरुत्वमध्य उचलला. कयाकमध्ये सगळ्यात जड वस्तू माणूस असतो, त्यामुळे सीट तीन सेंमी खाली-वर केली तरी फरक लगेच जाणवतो.

पण प्रयोगच नको हे मला मान्य नाही, रंधा. विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनिअरने १८६७ मध्ये इंग्लंडातल्या डार्ट नदीवर हेच केलं. एक टोकदार मॉडेल, नाव रेव्हन, एक गोलसर, नाव स्वॉन, दोन्ही ३, ६ आणि १२ फुटी. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे टोकदार पुढे जायला हवं होतं, पण सगळ्या वेगांना एकच आकार सरस ठरेना, जास्त वेगाला उलट गोलसर बरा निघाला. त्यातून पुढे बोटींची मॉडेल ओढून तपासायचा १८७२ चा टॉर्कीचा टँक उभा राहिला. मोठी बोट कापायच्या आधी एक चतुर्थांश मॉडेल करा ना. ४.२ मीटरची बोट १०५ सेंमी होते, १०० किलोचं एकूण वजन १ किलो ५६० ग्रॅम होतं, आणि वेग निम्मा धरायचा. पुठ्ठा, टेप, वाळूची पिशवी, आणि एखादा शांत तलाव. प्लाय कुठे फाटेल तेही पुठ्ठ्यात आधीच दिसतं.

मिनेसोटाकर

मी इथे सीडर लाकडाच्या ६ मिमी पट्ट्यांची कनू, म्हणजे वरून उघडी वल्ह्याची होडी, बांधली, त्यामुळे गोल तळ हवा तसा करता आला, प्लायवाल्यांची ती अडचण मला नव्हती. तरीही रंधाच्या बाजूने. वल्हेकरी, तुम्ही दुसऱ्या बोटीत एकदम तीन गोष्टी बदलल्या, रुंदी, बाक आणि सीट. मग पडलात कशामुळे हे तुम्हाला कसं कळलं? ओळंबाने गणित मांडलं तेव्हा आत्ता कळलं. मोजमाप न ठेवता केलेला बदल म्हणजे प्रयोग नव्हे.

आणि लांबीबद्दल सगळे गैरसमजात असतात म्हणून लिहितो, लांब बोट म्हणजे वेगवान बोट असं धरून लोक १७ फुटी बांधायला घेतात. पाण्यालगतच्या लांबीचं (फुटात) वर्गमूळ गुणिले १.३४ म्हणजे नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) कमाल वेगाचा अंदाज, १४ फुटाला ५.०, १७ फुटाला ५.५. पण आपण दिवसभर वल्हवतो तीन नॉटने. त्या वेगाला लाटेचा विरोध थोडा, तळाच्या कातडीला पाणी घासतं त्याचा जास्त, आणि लांब बोटीला ओली कातडी जास्त. म्हणजे नवख्याला उलट जास्त ओढावं लागतं.

प्रयोगच करायचे तर सांगाड्यावर कापड ताणून करा. बांबू चिरून सांगाडा, वर कॅनव्हास, वर रंग. पटलं नाही तर कापड काढून बाक बदला, पुन्हा ताणा.

कर्लीकाठ

मी मालवणजवळच्या देवबागचा. आमच्या आजोबांनी होड्या बांधल्या, कागदावर एक रेघ न ओढता. उलांडीची होडी, म्हणजे आंब्याचं खोड कोरून तयार केलेली अरुंद बोट आणि बाजूला बांधलेलं लाकूड. ती इतकी अरुंद की उलांडी नसेल तर उलटते, वर ओळंबाने सांगितलेला घनाचा हिशोब आमच्याकडे असा सोडवलाय, रुंदी वाढवलीच नाही, टेकू बाहेर नेला. आजोबा दर होडीत काहीतरी बदलायचे पण एकच, आणि कारण सांगून. "गेल्या वर्साक पाणी घेय होती, म्हणान नाळ वायच उचललंय." तीच होडी वर्षभर त्याच किनाऱ्यावर त्यांच्या डोळ्यासमोर चालायची, माशांनी भरलेली, रिकामी, वाऱ्यात, भरतीत. म्हणून मला दोन्ही बाजूंचं एक खटकतंय, पाणी कुठलं ते कोणीच बोलत नाहीये. खडकवासल्याला जी बोट चांगली ती आमच्या कर्ली नदीच्या मुखाशी चालेलच असं नाही.

दोन वर्षांपूर्वी एक पाहुणे स्वतः बांधलेली कयाक घेऊन आले, देखणी, वार्निश आरशासारखं. टोकं खूप उचललेली, जागच्या जागी गर्रकन वळायची. ओहोटी लागलेली, वर वारा, आणि ती बोट वारा येईल तिकडे तोंड करायची, ते बिचारे वल्हं एकाच बाजूला मारून मारून दमले. आम्ही होडी घालून ओढून आणलं. मागे तळाखाली माशाच्या परासारखी छोटी उभी फळी असती तर एवढं झालं नसतं. माझं म्हणणं, तळ बदला, जरूर बदला, पण आधी दिवसभर काठावर बसून तिथलं पाणी बघा.

वल्हेकरी

मिनेसोटाकर, बरोबर आहे, तीन गोष्टी एकदम बदलल्या ती चूक होती, आणि वजनाच्या बाबतीत रंधाचंही बरोबर, जड प्लायने माझ्या बाबतीत उलट मदतच केली. पण त्यातून प्लॅन बदलू नये हे सिद्ध होत नाही. कर्लीकाठच्या आजोबांना बदलायचा हक्क कोणी दिला? होडीनेच ना. मलाही तो हवाय. तयार प्लॅनची बोट बांधून मला सुतारकी आली, पण पाणी तळाशी काय करतं ते समजलं दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटीमुळे.

रंधा

आजोबांच्या पाठीमागे त्यांच्या आजोबांच्या होड्या होत्या, तोच त्यांचा प्लॅन. तुम्ही तिसऱ्या बोटीत ६० वर परत आलात म्हणजे मूळ प्लॅनच्या निम्म्या वाटेवर आलात, तेही बघा. माझं मत तेच, पहिली दोन प्लॅननेच. आणि एक विचारायचं राहिलं, तिन्ही बोटींत पुढे-मागे बंद कप्पे आहेत का? उलटल्यावर किती पाणी भरलं?

वल्हेकरी

दुसरीत फक्त मागे होता. म्हणून नाळ पाण्याखाली गेली आणि काठापर्यंत ढकलत आणताना कंबर मोडली. तिसरीत दोन्हीकडे आडवे पडदे ४ मिमीचेच, कडेने इपॉक्सी भरून बंद. बांधताना पावसाळा होता, इपॉक्सीवर पांढरट चिकट थर आला, तो पाण्याने आणि घासणीने धुतल्याशिवाय पुढचा हात देऊ नका कोणी, माझा पहिला पडदा तिथेच सुटला होता. उलटवून बघितली, मधल्या जागेत पाणी भरतं पण बोट आडवी तरंगते, बादलीने बारा-तेरा वेळा उपसून रिकामी झाली. येत्या रविवारी ओळंबाचं पुठ्ठ्याचं मॉडेल करतोय, व्ही फक्त एक सेंटीमीटर खोल, बाकी सगळं तिसऱ्या बोटीसारखं.