शार्प रेझोनन्सला 'तीव्र' म्हणायचं की 'टोकदार'?

सेन्सिंगसाठीच्या मेटासरफेसवर मराठीत लिहायला घेतलंय. त्यात पारदर्शक तळावर सिलिकॉनचे, प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा लहान ठोकळे ओळीनं मांडलेले असतात आणि ते ठरावीक तरंगलांबीलाच प्रतिसाद देतात. या शार्प रेझोनन्सला 'तीव्र अनुनाद' चालेल का?

>> 'तीव्र' नकोच, कारण वाचणाऱ्याला वाटणार प्रतिसाद मोठा आहे, आणि तुम्हाला तर सांगायचंय की स्पेक्ट्रममधलं शिखर अरुंद आहे. शिखर ८५० नॅनोमीटरला आणि निम्म्या उंचीवर त्याची रुंदी १ नॅनोमीटर, तर क्यू (टोकदारपणाचं माप, शिखराची तरंगलांबी भागिले रुंदी) ८५०. सोन्याच्या नॅनोकणांत क्यू बहुतेकदा १०-२० च्या आसपासच राहतो, धातू प्रकाश खातो ना. पृष्ठभागावर प्रथिनं चिकटली की तिथला अपवर्तनांक बदलतो, शिखर किंचित सरकतं, आता शिखरच पसरट असेल तर अर्धा नॅनोमीटर सरकलेलं कळणार कसं? म्हणून 'टोकदार' किंवा सरळ 'अरुंद' लिहा. आणि सतारीच्या तरफेच्या तारा आपोआप झंकारतात तिथे 'अनुनाद' शोभतो, प्रकाशाला मी 'अनुस्पंदन' वापरते.

>> ताईंशी सहमत, टोकदारच. फक्त 'लॉस'ला, म्हणजे ठोकळ्यांतला प्रकाश कमी होण्याला, सरसकट 'ऱ्हास' लिहू नका, डिझाइनचं सगळं मर्म तिथेच आहे. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएल या तंत्रविद्यापीठातलं २०१८ चं काम बघा, सिलिकॉनच्या लंबगोल ठोकळ्यांच्या जोड्या एकमेकींकडे तिरप्या केलेल्या. तिरपेपणा शून्य असला तर प्रकाश आत अडकतो तो अडकतोच, बाहेरून शिखर दिसतच नाही (प्रकाश असा अडकण्यामागची कल्पना मुळात फॉन नॉयमान आणि विग्नर या शास्त्रज्ञांची, १९२९ ची, तीही क्वांटम कणांसाठी). थोडा कोन दिला की प्रकाश बाहेर झिरपतो, आणि कोन लहान असताना तो निम्मा केला तर या झिरपण्यापुरता क्यू साधारण चौपट होतो. पण कोन कमी करत गेलं म्हणजे शिखर हवं तेवढं टोकदार होतं असं नाही, सिलिकॉनचं स्वतःचं शोषण आणि कोरताना राहिलेला खडबडीतपणा आड येतोच. म्हणून बाहेर जाणाऱ्याला 'गळती', पदार्थात जिरणाऱ्याला 'शोषण', असे दोन शब्द वेगळे ठेवा. मग 'गळती आणि शोषण सारखे झाले की ठोकळ्यांजवळचं विद्युतक्षेत्र सगळ्यात बळकट होतं' हे वाक्य कुणालाही सरळ वाचता येईल, नुसत्या 'ऱ्हास'नं ते लिहिताच येणार नाही.