मदत हवी आहे: कीबोर्डच्या स्पेसबारची डावी बाजू खडखडते, वायर सरळ करू की स्टॅबिलायझरच बदलू?

७५ टक्के लेआउटचा (नंबरपॅड नसलेला, आटोपशीर) हॉट-स्वॅप (सोल्डर न करता स्विच बदलता येणारा) कीबोर्ड आहे, लिनियर (दाबताना मध्ये न अडखळणारे) स्विच, पीबीटी प्लास्टिकचे कीकॅप. बाकी सगळ्या कळा, अगदी एंटर आणि बॅकस्पेससुद्धा, छान दबका आवाज देतात. फक्त ६.२५ यू (साध्या कळेच्या सव्वासहा पट रुंद) स्पेसबार डाव्या टोकाला दाबला की बारीक 'टिक्' येतो. उजव्या अंगठ्याने दाबला तर नाही.

करून पाहिलेलं: स्टॅबिलायझर (लांब कळेची दोन्ही टोकं वायरने जोडून एकत्र खाली-वर नेणारा भाग) काढून जुनं ग्रीस पुसलं, हाउसिंगला आतून क्रायटॉक्स २०५ ग्रेड ० ग्रीस लावलं, वायरच्या टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीस. दोन दिवस शांतता, मग पुन्हा तेच. चिडून ग्रीस आणखी थापलं, तर कळ वर यायलाच आळस करू लागली. ते पुसून टाकलंय. स्विच बदलून पाहिला, फरक नाही. कीकॅप दुसऱ्या सेटची लावली, तरीही टिक्, म्हणजे कीकॅप वाकडी नसावी.

मग वायर काचेवर ठेवली. एक टोक दाबलं की दुसरं केसभर उचलतं. संशय तिथेच आहे, पण सरळ करताना दुसरीकडे वाकवून बसेन ही भीती.

सध्याचे स्टॅबिलायझर प्लेट-माउंट आहेत, म्हणजे स्विच धरणाऱ्या प्लेटला अडकवलेले. पीसीबीवर (खालच्या सर्किट बोर्डावर) स्क्रू-इनसाठी, म्हणजे बोर्डाला स्क्रूने बसणाऱ्या स्टॅबिलायझरसाठी, भोकं दिसतात, प्लेट मात्र बदलायची नाही. सोल्डरिंगची सोयही नाही.

तर, एवढ्याशा फरकाने टिक् येऊ शकतो का, आणि वायर नेमकी कुठे धरून वाकवायची? स्क्रू-इनच घ्यायचे ठरवले, तर प्लेट-माउंटसाठी कापलेल्या प्लेटच्या खाचेत ते बसतात की नाही, हे आधी कसं मोजून बघू?