आईबाबांना सोलापुरात होटगी रोडच्या एशियन रेस्टॉरंटमध्ये न्यायचंय, काय मागवू? (आई पक्की शाकाहारी)

वळसंगची_लेक

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात आईला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं होतं, येताना रिक्षा होटगी रोडला सिग्नलवर थांबली आणि समोर ते नवीन एशियन रेस्टॉरंट, बाहेर बांबू लावलेत, पिवळे दिवे, काचेतून आतलं सगळं दिसतं. आई बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, "आत काय मिळतं गं तिथं?" मी म्हटलं चायनीजसारखं असतं, पण महागातलं. "बरं," म्हणाली आणि विषय संपला. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. आमच्या आईनं आजवर कुठल्या हॉटेलाकडं बघून आत काय मिळतं असं विचारलेलं मला आठवत नाही. बाबा चौतीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते, आम्ही दोघं भावंडं शिकलो ते त्याच पगारावर. पुढच्या आठवड्यात त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत. ठरवलंय, तिथंच न्यायचं.

आता अडचण. आई अंडंसुद्धा खात नाही. बाबा सगळं खातात पण कवळी आहे. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात एका मॉलमधल्या हॉटेलात मी व्हेज सूप म्हणून मागवलं, आईनं अर्धी वाटी प्यायल्यावर वेटरनं सांगितलं की यात फिश सॉस असतो, थोडाच असतो म्हणे. आई काही बोलली नाही, नंतर नुसतं पाणी पीत बसली. घरी येऊन रात्री अकराला डोक्यावरून अंघोळ केली आणि देवापुढं बसली. मला एका शब्दानं बोलली नाही, तेच जास्त लागलं. ते परत होऊ द्यायचं नाहीये.

तर काय मागवू, काय टाळू? त्या खायच्या काड्यांचं, चॉपस्टिक्सचं काय? बाबा पांढरा नेहरू शर्ट आणि टोपी घालूनच येणार, तिथं कुणी वेगळ्या नजरेनं बघणार नाही ना? आम्ही चौघं, बजेट चार हजारापर्यंत.

हुरडा_सीझन

ताई, आधी ते नजरेचं मनातून काढा. मी तिथं दोनदा गेलोय, एकदा तर शेजारच्या टेबलावर धोतरातले एक आजोबा नातवंडांना घेऊन आले होते आणि वेटर पोरं त्यांना अगदी अदबीनं वाढत होती.

मागवायचं म्हणाल तर सुरुवात एडामामेनं करा. नाव ऐकून घाबरू नका, हिरव्या सोयाबीनच्या शेंगा असतात, उकडून वर जाडं मीठ घातलेलं. आपण ओल्या भुईमुगाच्या शेंगा उकडून खातो ना तसंच, फक्त शेंग दातात धरून ओढायची, दाणे तोंडात येतात, टरफल टाकून द्यायचं. टरफल चावत बसायचं नाही, माझ्या मित्रानं अख्ख्या चार शेंगा चावून खाल्ल्या होत्या आणि मग म्हणाला शिजल्या नाहीत. दाणे मऊ असतात, कवळीला त्रास नाही.

मग डिमसम, म्हणजे सारण भरलेले छोटे चिनी मोदकच, वाफेवरचे, बांबूच्या टोपलीत येतात. पारदर्शक पारीचे घ्या, ती गव्हाच्या आणि टॅपिओकाच्या स्टार्चची असते, उकडीच्या मोदकाच्या जवळ जाणारं प्रकरण आहे, आईंना नक्की ओळखीचं वाटेल. आणि टोफू साते मिळालं तर बघा, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर काडीला लावून भाजलेलं, त्याच्याबरोबर शेंगदाण्याचा सॉस येतो. आपल्या शेंगाचटणीइतका झणझणीत नाही, गोडसर असतो, पण सोलापूरच्या माणसाला शेंगदाणा कुठल्याही रूपात चालतो.

किचनमधून

मी अक्कलकोटचा, गेली नऊ वर्षं पुण्यात एशियन किचनमध्ये काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण ताईंच्या आईसोबत जे झालं ते मी आतून बघितलंय, किती वेळा.

बघा, "व्हेज आहे का" एवढंच विचारलं की वेटर हो म्हणतो कारण त्याच्या डोक्यात व्हेज म्हणजे चिकनचा तुकडा नाही. तुम्ही नाव घेऊन विचारा. फिश सॉस आहे का? ऑयस्टर सॉस आहे का? हा कालवांचा असतो, दाट काळपट गोडसर, परतलेल्या भाज्यांत सर्रास घालतात. त्याच्याऐवजी मश्रूमचा सॉस मिळतो, चांगल्या किचनमध्ये दोन्ही ठेवलेले असतात, तो घालायला सांगा. थाई करी मागवणार असाल तर वाटण कुठलं आहे ते विचारा, कारण हिरव्या आणि लाल करीच्या मूळ वाटणात आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट असते, ती वाटतानाच जाते, नंतर काढता येत नाही. व्हेजचं वाटण वेगळं करतात का, हा प्रश्न. मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं जपानी सूप, तर सरळ सोडून द्या, त्यातलं पाणी म्हणजे डाशी, ते बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाच्या कापांचं असतं. किमचीतही, म्हणजे कोरियातल्या आंबवलेल्या कोबीतही, बऱ्याचदा फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते, नुसती कोबी दिसते म्हणून खाऊ नका.

आणि एक गोष्ट कुणीच सांगत नाही. टेबलावर बसल्या बसल्या काही ठिकाणी फुकट पांढरे पापड ठेवतात, हलके, कुरडईसारखे फुललेले. बऱ्याचदा कोळंबीचे असतात. आपली माणसं बोलता बोलता हात घालतात. तेवढं आधी उचलायला सांगा.

अंड्याचं म्हणाल तर नूडल्स कुठल्या ते विचारा, पिवळ्या असल्या तर विचाराच. खाओ सुए चांगलं आहे तुमच्यासाठी, ब्रह्मदेशातलं, नारळाच्या दुधाचा रस्सा, त्याला दाटपणासाठी बेसन लावलेलं असतं, वरून तळलेला कांदा लसूण, दाणे, लिंबू. पण तेही फिश सॉसशिवाय आणि बिनअंड्याच्या नूडल्सवर, हे दोन्ही सांगून.

फोन आधी करा. दुपारी चार ते सहाच्या मधे करा, तेव्हा किचन शांत असतं, शेफ स्वतः बोलू शकतो. साडेआठला फोन केलात तर कुणीही काहीही हो म्हणेल. आणि जाताना सव्वासातला जा, रविवारी नको. कढई सगळ्यांची एकच असते हेही खरं सांगतो, गर्दीत ती नीट धुतली जाईलच असं नाही. आईंना तेही चालणार नसेल तर वाफेवरचं जास्त मागवा, टोपल्या व्हेजच्या वेगळ्या ठेवायला सांगता येतं.

गाड्यावरच्या चायनीजची चव तिथं शोधू नका. मंचुरियन आपल्या मुंबईतलंच, १९७५ च्या आसपास नेल्सन वँग यांनी काढलं म्हणतात, चीनमध्ये ते कुणाला माहीत नाही. त्या रेस्टॉरंटमधलं सगळं मिळमिळीत वाटेल पहिल्या घासाला. बाजूला हिरवी मिरची मागून घ्या, त्यात लाजायचं काही नाही.

दक्षिण_कसबा

राग मानू नका ताई, पण मनापासून वाटतं ते लिहितो. साठी उलटलेल्या माणसांना अनोळखी जागी, अनोळखी जेवण, चार हजार रुपये. माझ्या वडिलांना मी असंच एका भारी हॉटेलात नेलं होतं, ते पूर्ण वेळ कडेला बसून मेन्यूकार्डावरच्या किमती वाचत होते. घास उतरला नाही त्यांच्या घशाखाली. त्यापेक्षा घरी शेंगापोळ्या करा, कडक भाकरी, दही, शेंगाचटणी, चार नातेवाईक बोलवा. त्यांना तेच आवडेल.

वळसंगची_लेक

दादा, राग कसला, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण शेंगापोळी आई स्वतःच करेल हो, दुसऱ्या कुणाला करूच देणार नाही, म्हणजे तिच्या लग्नाच्या वाढदिवसाला तीच चुलीपुढं. आणि आत काय मिळतं हे तिनं विचारलंय. किमतीचं मात्र लक्षात ठेवते, मेन्यूकार्ड त्यांच्या हातात देणारच नाही, आधीच सगळं ठरवून जाते.

पार्कचौक_संध्याकाळ

काड्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. थायलंडमध्ये लोक भात चमच्यानं खातात, उजव्या हातात चमचा, डाव्यात काटा, काट्यानं चमच्यात ढकलायचं. काड्या तिथं मुख्यतः नूडल्सला. आणि सुशी जपानमध्ये हातानं खाल्लेली चालते. तेव्हा चमचा मागितला तर आपण काहीतरी कमी आहोत असं अजिबात नाही. फक्त काड्या घेतल्याच तर भातात उभ्या खोचून ठेवू नका. जपानमध्ये मेलेल्या माणसापुढं ठेवलेल्या भातात तशा खोचतात, आपल्याकडं पिंडाचा भात असतो तसं समजा.

सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे बरं का, सुशी म्हणजे व्हिनेगर लावलेला भात. काकडीची, अ‍ॅव्होकाडोची असते, बाहेरचं काळं म्हणजे समुद्रातलं शेवाळ, व्हेजच. पण मेयोनीज नको सांगा, त्यात अंडं असू शकतं. आणि बाजूला हिरवी गोळी येते वासाबीची, तुमच्या बाबांना आधीच सांगून ठेवा की तो ठेचा नाही. लोणच्याला आपण मोहरी फेसतो, ती नाकात जाते ना, तसा झणका असतो, जिभेला नाही, थेट कपाळात. टोकावर लागेल एवढीच घ्यायची. गुलाबी आलं असतं ते दोन घासांच्या मधे खायचं, तोंड स्वच्छ करायला.

बिल_बघून_घ्या

जेवणाचं सगळे सांगतायत, मी बिलाचं सांगतो. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के. मोठ्या लॉजिंगवाल्या हॉटेलातलं रेस्टॉरंट असेल, जिथं खोलीचं भाडं ७,५०० च्या वर आहे, तिथं १८ टक्के. सर्व्हिस चार्ज हा टॅक्स नाही. ग्राहक प्राधिकरणानं जुलै २०२२ लाच सांगितलंय की तो बिलात आपोआप लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं ते कायम केलं. लावला असेल तर शांतपणे काढायला सांगा, नाही काढला तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. वेटरनं चांगलं वाढलं तर त्याच्या हातात द्या, ते त्याला मिळेल. आणि बसल्या बसल्या "मिनरल की रेग्युलर" विचारतात तेव्हा साधं पाणी सांगा, चौघांच्या बाटल्यांचे उगाच तीनशे होतात.

वळसंगची_लेक

जाऊन आलो! मंगळवारी गेलो, सव्वासातला, किचनमधून दादा तुमचं सगळं ऐकलं. साडेचारला फोन केला तर शेफ स्वतः बोलले, मी कागदावर लिहून ठेवलेली यादी वाचली, फिश सॉस, ऑयस्टर सॉस, कोळंबीची पेस्ट, अंडं. ते म्हणाले हिरव्या करीचं व्हेज वाटण आमच्याकडं नाही, ती देऊ नका आईंना. हे स्पष्ट सांगितलं म्हणून मला उलट विश्वास वाटला.

बसल्यावर आधी छोटे गरम ओले टॉवेल आले गुंडाळी करून, हात पुसायला. आईनं माझ्याकडं बघितलं, मी पुसून दाखवले. बाबांनी मात्र टॉवेल उलगडला, उजेडात धरला, लूप, म्हणजे वरचे धाग्यांचे फासे, बोटानं मागं सारून बघितले, किनार बघितली, मग उलटा केला. मी मनात म्हणतेय आता वेटर काय म्हणेल. बाबा त्यालाच म्हणाले, "टेरीचा आहे, पण लूप सैल सुटलेत, दहा धुण्यात धागे ओढले जातील. कुठून घेता?" तो पोरगा बिहारचा होता, त्याला माहीत नव्हतं, त्यानं मॅनेजरला बोलवून आणलं. आणि मग मॅनेजर उभे राहून दहा मिनिटं ऐकत होते, बाबा त्यांना सांगतायत ताण कसा बघायचा, किनार दुमडून शिलाई कशी बघायची. मी बाबांना कारखान्याबाहेर असं बोलताना पहिल्यांदा बघितलं. टोपी, शर्ट, कशाचंच कुणाला काही नव्हतं.

एडामामे आल्यावर बाबा लगेच, "हे तर सोयाबीन की." मग किंमत विचारली, मी सांगितली नाही, त्यांनी मॅनेजरलाच विचारली. साडेतीनशे. आमचा काका बार्शीकडं सोयाबीनच करतो, गेल्या साली त्याला क्विंटलला चार हजार मिळाले होते. बाबा थोडा वेळ गप्प बसले आणि मग प्लेटीतली एक एक शेंग सोलून सगळ्यांना वाटून दिली, एक दाणा टाकू दिला नाही. त्या प्लेटीचं मला अजून नीट सांगता येत नाही.

वासाबी सांगूनही बाबांनी जास्तच घेतली, डोळ्यांतून पाणी आलं, मग म्हणाले सर्दीला चांगली आहे. सुशीचं आईला फारसं काही वाटलं नाही, गार भात कशाला म्हणाली. खाओ सुए आवडलं, पण दाणे कमी होते म्हणून जास्तीचे मागून घेतले. तिला खरी आवडली ती मक्याची आणि पालकाची डिमसम. टोपलीचं झाकण काढल्यावर वाफ आली तेव्हा खाली वाकून वास घेतला, पारी नखानं हळूच उचलून बघितली आणि विचारलं तांदळाची आहे का, मी सांगितलं नाही, गव्हाच्या स्टार्चची, तर म्हणाली, "म्हणून चिरली नाही." पहिला घास घ्यायच्या आधी माझ्याकडं एकदा बघितलं. मी म्हटलं, आई, मी विचारलंय. मग खाल्ला.

बिल तीन हजार सहाशे चाळीस, सर्व्हिस चार्ज नव्हता.

रात्री रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "पुढच्या वेळेला तो गार भात नको, त्या टोपल्या दोन जास्त घे."