मदत हवी आहे : नाउरूचा झेंडा इंदुरात कोण शिवून देईल?

मंडळी, गणेशोत्सवात आमच्या कॉलनीतली मुलं छोट्या देशांच्या खेळांचं प्रदर्शन मांडतायत. भाचीने नाउरू घेतलाय. अख्खा देश 21 चौरस किलोमीटर! 1990 साली ऑकलंडच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पहिल्यांदाच उतरला आणि वेटलिफ्टर मार्कस स्टीफनने स्नॅचमध्ये (वजन एका झटक्यात डोक्यावर उचलायचा प्रकार) थेट सुवर्ण मारलं. हाच गडी 2007 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला.

अडलंय झेंड्यावर. निळं कापड, मधोमध आडवी पिवळी पट्टी, खाली डावीकडे बारा टोकांचा पांढरा तारा. राजवाड्याकडच्या शिंप्याने टोकं मोजली आणि हात जोडले. कागद चिकटवलेला भाचीला चालणार नाही (आईवर गेलीये). असं बारीक कापडकाम करणारं कोणी माहीत आहे का? शनिवारपर्यंत हवाय.