माळा, दळण, बँक आणि व्यायाम : एका शनिवारात क्रम कसा लावावा?

माळावीर
वन बीएचके, स्वयंपाकघर आणि बाथरूम दोन्हींवर माळा. दिवाळीआधीचा एकच शनिवार हातात आहे. कामं अशी : पाच किलो गहू आणि दोन किलो ज्वारी दळून आणणं, बँकेत केवायसी, रद्दी देणं. माळ्यावर जुना डबा टीव्ही, पितळेची पातेली, कागदांची दोन खोकी, औषधांचा डबा आणि सुती साड्यांचं गाठोडं आहे. रोजचे बारा सूर्यनमस्कार आणि अर्धा तास चालणं मोडायचं नाही. सकाळी सकाळी माळा उपसायला घेतला की संध्याकाळी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही आणि बँकही राहिलेली, असं होतं. क्रम काय ठेवावा? आणि कशाला हात लावण्याआधी दोनदा विचार करावा?

दळणवळण
आधी कॅलेंडर बघा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद. म्हणजे पहिला, तिसरा किंवा असलाच तर पाचवा. गिरणीची सुट्टी कोणत्या वारी असते तेही आधी विचारून ठेवा.

वस्तू खाली येते तेव्हा ती घराबाहेर कशी जाणार हे ठरलेलं नसतं, म्हणून हॉल भरतो. शुक्रवारी रात्रीच रद्दीवाल्याला शनिवारी चारची वेळ द्या. चार वाजता दारात माणूस येणार म्हटलं की हात आपोआप चालतात.

सकाळी नमस्कार, मग डबे घेऊन गिरणी. डब्याला चिठ्ठी लावा : नाव, फोन, जाड की बारीक. ज्वारी दुसऱ्या कोणाच्या ज्वारीवर दळायला सांगा. हरभऱ्याच्या डाळीवर किंवा गव्हावर दळली तर जात्यात राहिलेलं पीठ तुमच्या पहिल्या एक-दोन मुठींत उतरतं. दळण होईपर्यंत तिथे उभं राहू नका, तसेच चालत बँकेत जा. केवायसीला मूळ कागद, त्यांच्या झेरॉक्स, दोन फोटो आणि स्वतःचं पेन. काउंटरवरचं पेन दोरीला असतं, शाई नसते. जाता-येता तुमचा अर्धा तास चालून होतो.

घरी आल्यावर पिठाच्या डब्याला लगेच झाकण लावू नका. ताजं पीठ गरम असतं, वाफ आत कोंडून गाठी होतात, मग जाळी धरते. परातीत किंवा कागदावर पसरून पूर्ण गार करा. ज्वारी दोनच किलो आणताय ते बरं. पीठ जुनं झालं की त्याची विरी (चिकटपणा) जाते आणि भाकरी थापताना कडेला चिरते.

माळा साडेअकरानंतर, आणि त्या दिवशी एकच. दुसऱ्याकडे बघायचंही नाही.

पाठीचा_कणा
क्रम ठीक, पण नमस्कार बाराऐवजी सहाच घाला, तेही सावकाश. दिवसभर खोकी वर-खाली करायची असतील तर सकाळीच कंबर थकवून उपयोग नाही. उरलेले सहा संध्याकाळी, आवरून झाल्यावर. खांदे आणि मांड्यांचे मागचे स्नायू आखडलेले असतात, ते सुटतात. दुपारी पोटभर जेवलात तर मध्ये तीन तास जाऊ द्या.

माळ्यावर चढण्यापूर्वी खोलीतला पंखा बटणावरून बंद करा. नजर वर खोक्याकडे असते, हात बाजूला जातो आणि पातं फिरतंय हे लक्षात येत नाही. प्लास्टिकच्या स्टुलावर उभं राहू नका. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय फाकतात. चार पायऱ्यांची घडीची शिडी शेजारून मागून आणा आणि तिची आडवी पट्टी पूर्ण बसली आहे ना ते हाताने दाबून बघा. मान मागे टाकून फार वेळ काम करू नका. दर दहा मिनिटांनी खाली उतरा, नाहीतर गरगरतं.

डबा टीव्हीचं जवळजवळ सगळं वजन पुढच्या काचेत असतं. मागचा प्लास्टिकचा फुगीर भाग नुसता पोकळ. म्हणून काच छातीकडे धरून उचलायचा. तो शिडीवरून एकट्याने उतरवायचा नाही. एक वर, एक खाली, आणि ठेवायची जागा आधी मोकळी केलेली.

जाळी झाडायला कोरडा झाडू नको. नाकाला फडकं बांधा आणि ओलसर कापडाने आतून बाहेर ओढत पुसा.

कागदी_घोडा
कागदाची खोकी सगळ्यात वेळ खातात, कारण माणूस वाचत बसतो. वाचू नका. तीन ढीग करा (ठेवायचा, रद्दीत द्यायचा, भिजवून लगदा करायचा) आणि ठेवायचा ढीग आधी बाजूला काढा.

कायम ठेवायचं : घराचं खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), नोंदणीची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. घरात मोठं बांधकाम केलं असेल तर त्याची बिलंही. घर विकताना भांडवली नफा काढायला तो खर्च धरता येतो आणि तेव्हा ती सापडत नाहीत. आयकराचे कागद आठ वर्षांचे ठेवले की पुरे. वीजबिलं शेवटच्या वर्षभराची बास.

गुळगुळीत कागदावरच्या दुकानातल्या पावत्यांचे आजच फोटो काढा. त्यावर शाई नसते, उष्णतेने अक्षर उमटवलेलं असतं, ते उडतं. फ्रिजची वॉरंटी मागायला जाल तेव्हा हातात कोरा कागद असेल. मूळ कागदाला लॅमिनेशन मात्र करू नका. त्यावर पुन्हा शिक्का उमटत नाही आणि सोडवायला गेलं तर कागदच फाटतो.

आधार-पॅनच्या जुन्या झेरॉक्स आणि बँकेची स्टेटमेंट रद्दीत अजिबात देऊ नका. रद्दीच्या पुड्या होतात. तुमचा खाते नंबर भेळेखाली कशाला? बादलीत रात्रभर भिजवा, सकाळी हाताने लगदा करा आणि पिळून टाका. पातळ कागद दोनदा फाडण्यापेक्षा हे सोपं.

कल्हईवाली
पितळेची पातेली भंगारात देऊ नका, भांड्यांच्या दुकानात मोड घाला. दोन-तीन दुकानांत भाव विचारा आणि वजन तुमच्यासमोर करायला लावा. मुठी लोखंडी असतील तर दुकानदार त्यांचं वजन वजा करतो, ते बरोबरच आहे. जड, ठोक्याचं पातेलं असेल तर मोडू नका, कल्हई करून वापरा. कल्हई नसलेल्या पितळेत आमटी किंवा ताक कळकतं.

सुती साड्या बोहारणीला द्यायची घाई नको. मऊ झालेल्या तीन-चार साड्यांची एक गोधडी होते. सिंथेटिक साडी मध्ये घालू नका, थर सरकतो आणि टाका धरत नाही.

रद्दीवाल्याचा काटा रिकामा असताना शून्य दाखवतो का ते बघा. घरी वजनकाटा असेल तर गठ्ठा आधी मोजून ठेवा. चिकण्या कागदाची मासिकं वेगळी बांधा.

माळावीर
आभारी आहे. औषधं आणि फुटलेली सीएफएल सुक्या कचऱ्यात चालतील का? आणि बाळाची जुनी दुपटी डांबरगोळ्या घालून परत वर ठेवायची होती.

कल्हईवाली
दोन्ही घरगुती घातक कचऱ्यात. वेगळ्या पिशवीत बांधून, वर लिहून द्या. सीएफएलमध्ये पारा असतो. तुकडे कागदाने गोळा करा, झाडू किंवा व्हॅक्यूम नको, खिडकी उघडी ठेवा. टीव्ही भंगारवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या, शिशाची काच आहे.

दुपट्यांत डांबरगोळ्या घालू नका. जी६पीडी या, तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या विकराची कमतरता असलेल्या बाळाला त्या वासाच्या कपड्यांनी कावीळ होऊ शकते. धुऊन, कडक उन्हात वाळवून, गार झाल्यावर झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरा. पुठ्ठ्याचं खोकं नको, कसर आणि झुरळं त्यातच घर करतात.