मदत हवी आहे: फटीतून हवा सोडून पात्याची उचल वाढवतोय, पाण्याच्या ४०० मिमी दाबापुढे वाढतच नाही

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. आमचा तिघांचा प्रोजेक्ट तीन आठवडे एकाच जागी अडकलाय. सरांना विचारलं, आजूबाजूला विचारलं, उत्तर मिळालं नाही. इथे हवेतलं आणि कारखान्यातलं दोन्ही कळणारी माणसं आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

हेलिकॉप्टरच्या पात्याची उचल बदलायची तर पातं मुळाशी पिळून त्याचा कोन बदलतात, तेही प्रत्येक फेरीत. त्यासाठी स्वॉशप्लेट (पात्यांचा कोन बदलणारी तिरकी होणारी चकती), दांडे, बेअरिंगं असा मोठा पसारा लागतो. आम्ही पातं पिळत नाही. त्याची मागची कड धारदार न ठेवता गोल केलीय आणि कडेच्या जरा अलीकडे, वरच्या अंगाला, लांबीभर एक बारीक फट ठेवलीय. फटीतून निघालेला झोत गोलाईला चिकटून खाली वळतो. नळाच्या धारेला चमच्याची पाठ लावली की धार चमच्यावरून वळते, तसाच. त्याच्या ओढीने पात्यावरून येणारी सगळी हवा जास्त खाली वळते आणि पातं वर उचललं जातं. झोत वाढवला की उचल वाढली पाहिजे.

ही कल्पना जुनी आहे. ब्रिटनमध्ये पायस्टॉकला १९६० च्या दशकातच यावर काम झालं. अमेरिकेत सिकोर्स्कीने एस-७२ विमानावर असा 'एक्स-विंग' रोटर (फिरणाऱ्या पात्यांचा संच) बसवला, ते १९८६ मध्ये बाहेर आणलं, पण रोटर लावून ते कधी उडालंच नाही आणि १९८८ मध्ये काम थांबलं. शेपटीत मात्र ही युक्ती टिकली. एमडी ५२०एन हेलिकॉप्टरला शेपटीचा पंखा नाही, शेपटीच्या नळकांड्याला फटी आहेत. मला ते मनापासून आवडतं, त्यामुळे विषय बदलायचा सल्ला कृपया नको.

आमचं पातं असं: रुंदी १५० मिमी, जाडी ३० मिमी, लांबी ६०० मिमी. छेद लंबगोल. अंग सागवानी, शिरोलीच्या एका पॅटर्नवाल्यांनी (ओतकामाचे लाकडी नमुने करणाऱ्यांनी) आतून पोकळ करून दिलं. मागच्या कडेला ६ मिमीची ब्राइट बार (गुळगुळीत गोल पोलादी सळई), म्हणजे गोलाईची त्रिज्या ३ मिमी. फटीचा वरचा ओठ अर्ध्या मिमीचा पितळी पत्रा, स्क्रूच्या पुढे २० मिमी मोकळा. फट ०.१५ मिमी, फिलर गेजने (ठरावीक जाडीची पोलादी पानं) टोकापासून टोकापर्यंत तपासलेली. आधी गॅरेजचा कॉम्प्रेसर लावला, तर टाकी मिनिटभरसुद्धा पुरेना. आता उद्यमनगरातल्या काकांच्या भट्टीचा ब्लोअर आणलाय, जादा हवा बायपासने सोडतो.

चाचणीच्या वाऱ्याच्या बोगद्यात वारा सेकंदाला २० मीटर, पातं शून्य कोनात, फिरत नाही. आत २०० मिमी उंच पाण्याइतका दाब दिला की उचल ९०० ग्रॅम. ४०० मिमीला १.४ किलो. ६०० मिमीलाही १.४ किलोच! मागच्या कडेला चिकटवलेले दोऱ्याचे तुकडे दोन्ही टोकांना छान खाली वळतात, पण मध्यभागी सरळ मागे फडफडतात. झोत तिथे सुटतोय हे दिसतंय, का सुटतोय ते कळत नाही. ६०० मिमीला झोताचा वेग सेकंदाला १०० मीटरच येतो, म्हणजे ध्वनीच्या वेगाचा प्रश्न नाही.

दुसरा प्रश्न: पुढे हे फिरवायचं झालं तर हवेची झडप मुळाशी ठेवली तर चालेल का?

— भिरभिरं

लेथवाला_गोशिमा: भावा, काम चांगलं केलंयस. एकच विचारतो, फट कधी मोजलीस? ब्लोअर बंद असताना ना? चालू ठेवून मोज. अर्ध्या मिमीचा पत्रा २० मिमी मोकळा म्हणजे पान झालं ते. टोकाला बाजूच्या भिंतीचा आधार आहे, मध्ये काय आहे?

वैशाली_पुणे: काका बरोबर बोलले. मी आकडे मांडून पाहिले. ६०० मिमी पाणी म्हणजे सुमारे ६००० पास्कल. तेवढ्या दाबाला तुझा पितळी ओठ मध्यभागी, मोकळ्या कडेशी, ०.११ मिमी वर उचलला जाईल. म्हणजे ०.१५ ची फट पाव मिमीच्या वर गेली. ३ मिमी गोलाईला एवढा जाड झोत नीट चिकटत नाही, म्हणून मध्येच सुटतो. तुला वाटतंय तू फक्त दाब वाढवतोयस, पण फटही तूच वाढवतोयस. पत्र्याची जाडी दुप्पट कर, वाकणं आठपट कमी होईल.

झडपेचं: मुळाशी ठेव, पण हवेला टोकापर्यंत पोचायला वेळ लागतो हे धर. दाबाची लाट ध्वनीच्या वेगाने जाते. ६ मीटर लांब पातं मिनिटाला ३०० फेरे घेत असेल, तर झडप उघडल्यापासून टोकाला कळेपर्यंत रोटर ३० अंशांहून जास्त पुढे गेलेला असतो. तुझ्या ६०० मिमीच्या पात्याला, मिनिटाला ६०० फेरे धरले तरी, साधारण ६ अंशच. तेवढी झडप आधी उघडायची. शिवाय फिरताना हवा टोकाकडे फेकली जाते, तिथे दाब आपोआप वाढतो. म्हणून दाब पाइपात न मोजता पात्याच्या आत, मुळाशी आणि टोकाशी, दोन ठिकाणी मोज.

भिरभिरं: काका, ताई, आत्ताच वर्कशॉपमधून आलो. ब्लोअर चालू ठेवून गेज घातला. टोकाला ०.१५ चं पान घट्ट बसतं, मध्ये ०.२५ चं पान सहज आत गेलं. तीन आठवडे आम्ही तोच पत्रा पुसत बसलो होतो.

लेथवाला_गोशिमा: पत्रा जाड कर, पण तेवढ्यावर थांबू नकोस. दर ५० मिमीला एक ढकलणारा आणि एक ओढणारा बारीक स्क्रू दे, म्हणजे फट हवी तिथे बसवता येईल. ओठाची कड आतून पॉलिश कर. बर (कापल्यावर राहणारी खरबरीत धार) राहिली तर झोत फाटतो.

भिरभिरं: चार दिवसांनी लिहितोय. १ मिमीचा पत्रा, दर ५० मिमीला स्क्रूची जोडी. ब्लोअर चालू असताना फट सगळीकडे ०.१५ ते ०.१७. २०० मिमीला उचल पूर्वीइतकीच, ४०० ला दीड किलो, आणि ६०० ला १.९ किलो. मधले दोरेही आता खाली वळतात. बार आणि लाकूड जिथे जुळतं तिथला एक दोरा अजून थरथरतो, सांध्यात मेण भरून बघतो. ताई, आतल्या दाबासाठी दोन नळ्या टाकल्यात, पण फिरताना त्या बाहेर कशा काढायच्या? मुळाशी फिरता सांधा एकच आहे आणि त्यातून हवा जाते.

वैशाली_पुणे: नळ्या बाहेर काढूच नकोस. छोटे दाब-सेन्सर पात्यातच मुळाशी बसव आणि तारा स्लिप रिंगमधून (फिरत्या भागातून वीज बाहेर आणणारी कडी) आण. फिरत्या सांध्याचा फोटो टाक, गळती किती आहे ते आधी बघू.