आइस हॉकीतल्या मारामारीचं समर्थन कसं करता?

कट्टेकरी:
फेब्रुवारी २०२५ ची मॉन्ट्रियलमधली कॅनडा-अमेरिका मॅच आत्ता बघितली. पहिल्या ९ सेकंदांत तीन मारामाऱ्या, आणि पंच आपले बघत उभे! फुटबॉलमध्ये थेट लाल कार्ड मिळालं असतं. इथे नियमित हॉकी बघणारं कुणी आहे का? हे पटतं तुम्हाला?

निळी_रेषा:
मी बघतो, आणि टोरांटोत हौशी मंडळींना रात्री उशिरा जो बर्फ मिळतो त्यावर खेळतोही. (आमच्यात धडकेला बंदी आहे. सकाळी सगळ्यांना ऑफिस असतं.)

धडक वेगळी, मारामारी वेगळी, हल्ला वेगळा. क्लिपांमध्ये तिन्हींची खिचडी होते.

धडक, म्हणजे बॉडी चेक, हा खेळाचाच भाग. ज्याच्याकडे पक (खेळातली रबरी चकती) आहे त्यालाच, खांद्याने किंवा अंगाने, पक सुटावा म्हणून. मागून ढकललं, कोपर घातलं की शिक्षा. डोक्यावरच्या धडकेचा वेगळा नियम एनएचएलमध्ये (अमेरिका-कॅनडातली मुख्य व्यावसायिक लीग) २०१० मध्ये आला, म्हणजे फारच उशिरा. पण तो कागदावर राहिला नाही. २०१५ मध्ये रॅफी टॉरेसला ४१ सामने घरी बसवलं, तेही मोसमाआधीच्या सराव सामन्यातल्या धडकेसाठी. बंदी का घातली हे लीग व्हिडिओ काढून समजावते.

मारामारीलाही माफी नाही. दोघांना ५-५ मिनिटं पेनल्टी बॉक्स, म्हणजे खेळाबाहेर बसणं, तिसरा मध्ये पडला तर तो मॅचमधून बाहेर. भांडणात उतरायला बाकावरून पहिला उठेल त्याला १० सामने बंदी. लाइन्समन (सहायक पंच) थांबतात, कारण एकाला धरलं की त्याला दुसऱ्याचा ठोसा चुकवता येत नाही. कुणी पडलं की लगेच मध्ये घुसतात.

राहिला हल्ला. मॅक्सॉर्लीने २००० मध्ये ब्रॅशियरच्या डोक्यात स्टिक घातली. बर्टुझीने २००४ मध्ये स्टीव्ह मूरला मागून ठोसा मारला, मूरची कारकीर्द तिथेच संपली. दोन्ही प्रकरणं फौजदारी कोर्टात गेली, आणि जायलाच हवी होती.

उलटतपासणी:
आणि डेरेक बूगार्ड? ठोसे मारण्यासाठीच संघात ठेवलेला माणूस. २०११ मध्ये २८ व्या वर्षी गेला, मेंदू तपासला तर सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार. तुमची ती ५ मिनिटांची शिक्षा त्याच्या घरच्यांना सांगा.

निळी_रेषा:
नाही सांगणार. सीटीईबद्दल लीगने जी टोलवाटोलवी केली तिची वकिली मला जमणार नाही. २०१८ मध्ये माजी खेळाडूंशी तडजोड केली, तीही जबाबदारी न स्वीकारता.

पण बूगार्डचं ते काम आज जवळपास उरलेलं नाही. खेळाचा वेग इतका वाढलाय की नुसते ठोसे मारता येणाऱ्याला जागा देणं कुठल्याच संघाला परवडत नाही. २००० च्या सुमारास व्हायच्या त्याच्या निम्म्याहून कमी मारामाऱ्या आता होतात. उरलेल्याही गेल्या तरी माझी हरकत नाही. क्यूबेकच्या ज्युनिअर लीगने २०२३ मध्ये बंदी घातलीच की. धडक मात्र काढू नका. कडेच्या फळीपाशी पक घेऊन वळताना मागून कोण येतंय याचं भान ठेवावं लागतं, निम्मी गंमत त्यातच आहे.

कट्टेकरी:
मग मारामारी नसलेली एखादी मॅच सुचवा.

निळी_रेषा:
२०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकची फायनल. कॅनडा-अमेरिकाच. ३-२, ओव्हरटाइममध्ये कॅनडाच्या क्रॉस्बीचा गोल. धडका भरपूर आहेत.